बाळंतिणीच्या खोलीतली पिल्लं

मागच्या खोलीला फरशी बसवायची म्हणून आईनं मला शिरवळहून बोलावून घेतलं. "तुझा पसारा तूच उचल, मग फरशीवाल्याच्या नावानं बोंबलत बसू नको," असं फोनवर ठणकावून. पसारा सगळा माझा नव्हताच. ठिबकच्या नळ्यांची वेटोळी होती, आण्णांची, म्हणजे वडिलांची, फौजेतली पेटी होती, एक मोडका कूलर होता आणि माझ्या बारावीच्या पुस्तकांना वाळवी लागून गेली होती. पण आईला निमित्त हवं असतं आणि मलाही. ताई सांगलीहून दुपारच्या एसटीनं येणार होती. तोवर हात चालवावा म्हणून मी दार लोटलं आणि उंबऱ्यातच थबकले.

खोलीला वास येत होता. ओव्याचा, विझलेल्या कोळशाचा आणि त्यामागून भुईमुगाच्या टरफलांचा, ऊन खाल्लेला, कोरडा. इतक्या वर्षांत वास टिकत नाही, हे मला कळतं. कंपनीत माझं कामच मालातली खोट काढायचं आहे, उगाच काही मानायची मला सवय नाही. पण नाक काही कंपनीत नोकरीला नाही. मी त्या नळ्यांच्या वेटोळ्यावर बसले आणि काम राहिलं बाजूला.

तो हिवाळा फार थंड होता. आमचं गाव वडूजपासून आत, माळावर. दिवाळी सरली की वारं सुटतं ते थेट हाडाला जाऊन भिडतं. त्या हिवाळ्यात ही खोली आईनं ताईसाठी सजवली होती. भिंतींना चुना दिला, भुई सारवली, खिडकीच्या फटीत चिंध्या कोंबल्या. दोरीची बाज आवळून घेतली. कोपऱ्यात शेगडी, कोळशाचं पोतं, फळीवर ओवा, बाळंतशेपा, डिंक, खारीक अशी डब्यांची रांग. पहिलं बाळंतपण माहेरी, मग माहेरानं कमी पडून कसं चालेल? शेजारच्या बायका खोली बघायला यायच्या आणि आई त्यांना डब्यांची झाकणं उघडून दाखवायची.

ताई दवाखान्यातून आली ती रिकाम्या हातानं. का आणि कसं, हे घरात तेव्हाही कुणी बोललं नाही, मीही आता उकरत नाही. आईनं खोलीला कडी घातली आणि ताईचं अंथरूण माजघरात घातलं.

ताई रडली असती तर आम्हाला सोसलं असतं. ती रडत नव्हती. ऊठ म्हटलं की उठायची, जेव म्हटलं की जेवायची, वेणी घालायला बस म्हटलं की पाठ करून बसायची. मला पाठीत धपाटा घालणारी, माझ्या नकला करून गल्ली हसवणारी माझी बहीण कुठंतरी निघून गेली होती आणि ही दुसरीच कोणीतरी आज्ञाधारक बाई आमच्या घरात राहायला आली होती. आई तिच्याकडं बघायची आणि पदर तोंडात धरून परसात जायची.

भाऊजी दर रविवारी यायचे. सांगलीत हळदीच्या अडतीवर कामाला होते, त्यामुळं त्यांची नखं पिवळी आणि अंगाला कायम हळदीचा वास. येताना भडंग आणायचे, बेदाणे आणायचे, एकदा तर उगाच गुळाची ढेप. ओसरीवर आण्णांच्या समोर बसायचे. दोघांचं पाऊसपाणी, बाजारभाव बोलून व्हायचं, मग दोघंही चपलांकडं बघत बसायचे आणि संध्याकाळच्या गाडीनं भाऊजी परत. ताईनं पाण्याचा तांब्या नेऊन ठेवला तर ठेवला. तिच्याशी काय बोलावं हे त्या माणसाला कळत नव्हतं. आम्हाला तरी कुठं कळत होतं?

अशाच एका रविवारी ते दोन भोकाभोकाची खोकी काखेत सांभाळत आले. खोकी चिवचिवत होती.

"कंडक्टर म्हणला, ह्यांचं अर्धं तिकीट काढा," भाऊजी म्हणाले. हसायचा प्रयत्न होता तो. कुणी हसलं नाही.

झाकण काढलं तर आत कोंबडीची पिल्लं. अंड्यातून नुकतीच निघालेली, पिवळी, तांबूस, काही पाठीवर काळी रेघ ओढलेली, सुधारित गावरान जातीची. का आणली, असं त्यांना कुणी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. आईनं मात्र मला दंडाला धरून स्वयंपाकघरात ओढत नेलं.

"ह्या माणसाचं डोकं ठिकाणावर हाय का गं? ही असली कापसासारखी पिल्लं, थंडीवाऱ्यानं पटापटा मरत्यात. त्या पोरीच्या डोळ्यादेखत मेली म्हंजी? अजून एक मरण बघाय लावतो का काय तिला?"

आईचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. ती जावयावर चिडली नव्हती, ती भ्याली होती. एकही पिल्लू ताईच्या समोर मरता कामा नये, एवढंच त्या क्षणापासून तिच्या डोक्यात बसलं. माझ्याही.

बाहेर भाऊजी आण्णांना समजावून सांगत होते. "हॅचरीवाल्यानं सांगितलंय, आदी एकेकाची चोच पाण्यात बुडवायची. त्यास्नी पाणी हाय हे कळत न्हाई. तहानंनं मरत्यात, पण समोर ठेवल्यालं पाणी दिसत न्हाई."

ताई भिंतीला टेकून बसली होती. ती उठली. कुणी न सांगता उठली. ताटलीत पाणी घेतलं, आईकडं गूळ मागितला, पाण्यात विरघळवला आणि खोक्यातलं पहिलं पिल्लू उचललं. तळहातात त्याचं ते धडधडणं, मग इवली चोच पाण्यात, मग मान वर करून त्यानं घेतलेला घोट. असं एकेक करत ती सगळ्यांना पाणी दाखवत गेली. शेवटचं पिल्लू खाली ठेवून ती म्हणाली, "मागच्या खोलीत ठिवू ह्यास्नी. तिथं ऊब हाय."

आईनं कडी काढली.

खोली दोन दिवसांत बदलून गेली. आण्णा सुभेदार होऊन निवृत्त झालेले. काम मिळालं की त्यांच्या अंगात पुन्हा फौज संचारायची. त्यांनी धान्याच्या जुन्या कणगीचा पत्रा उलगडून त्याचं भुईवर गोल कडं उभं केलं. गोलच का, तर कोपरा मिळाला की पिल्लं एकमेकांच्या अंगावर चढतात आणि खालची गुदमरतात. आत भुईमुगाची टरफलं अंथरली, वर वर्तमानपत्रं. आढ्याला वायर टाकून बल्ब खाली सोडला, त्यावर घमेलं उपडं टांगलं. लोडशेडिंगचे दिवस, वीज कधी जाईल नेम नाही. वीज गेली की आईची शेगडी, राखेखाली निखारे झाकलेली. थंडी वाजली की पिल्लं बल्बखाली दाटी करायची, उकडलं की पत्र्याला जाऊन चिकटायची. आणि सगळं मनासारखं असलं की सांडलेल्या राजगिऱ्यासारखी कडंभर पसरून हळू आवाजात आपापसात बोलत बसायची. तो आवाज मला अजून कधीकधी उगाचच ऐकू येतो. वीज जाताच तो टोकदार व्हायचा, आणि निखारे आले की पुन्हा मऊ.

आण्णांना सकाळ-संध्याकाळ हजेरी घ्यायची होती. "गिनती झाल्याबिगर कसं कळणार?"

"न्हाईच कळाय पायजे," आई म्हणाली. "लहान जीव मोजायचं नसत्यात. मोजलं की उणं पडतं. जावयास्नी बी मी आकडा बोलू दिला न्हाई."

ज्यांचा सगळा जन्म गिनतीत गेला त्या आण्णांनी चक्क माघार घेतली. त्या घरात त्यानंतर कुणी पिल्लं मोजली नाहीत.

खोलीवर खरं राज्य दोघांचं होतं आणि दोघांचं पटत नव्हतं. आण्णांच्या लेखी ती बराक होती. भांडी धुतलेली, वेळेवर मक्याचा भरडा, वेळेवर पाणी. आईच्या लेखी ती बाळंतिणीचीच खोली. वारं लागू नये म्हणून तिनं खिडकीवर गोधडी लावली, दाराच्या फटीला पोतं लावलं. वर तान्ह्या बाळाला देतात तशी ओव्याची आणि शेप्याची धुरी दिली. निखाऱ्यावर चिमूट चिमूट टाकत, तोंडानं काहीबाही पुटपुटत, सगळं अगदी रीतसर. थोड्या वेळानं मी आत डोकावले तर पिल्लं चोची उघड्या टाकून, पंख पाडून बसलेली. तो हळू आवाजसुद्धा बंद.

मी ओरडले. आण्णा धावत आले, गोधडी ओढून काढली. "आगं, माणसं गुदमरतील ह्यात! हवा पायजे, हवा!"

"हवा लागली तर गारठून मरतील की! तुमाला काय कळतंय लेकराबाळांतलं? माझी बाळंतपणं झाली तवा तुमी कुठं सियाचीनला हुता!"

आण्णा सियाचीनला कधीच नव्हते. पण भांडणात आई त्यांना नेहमी तिथंच पाठवायची.

"दोघं बी गप बसा," ताई म्हणाली. तिचा आवाज चढला होता. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. "खिडकीची वरची झडप उघडी ठेवायची, खालची झाकायची. धूर बंद. शेगडी उंबऱ्याबाहेर, निखारं फुललं की मगच आत आणायची. आणि कुणी मला न इचारता खोलीत यायचं न्हाई."

आई आणि आण्णा, दोघंही शाळेतल्या पोरांसारखे बाहेर जाऊन उभे राहिले. आईनं माझ्याकडं बघितलं आणि तिच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. पोरगी चिडली होती. चिडायला माणूस घरात असावं लागतं.

खरं सांगायचं तर मला त्या पिल्लांचा राग यायचा. ताई माझ्याशी बोलत नव्हती ते त्यांच्याशी बोलायची. पण तिच्या अंगाला टरफलांचा आणि भरड्याचा वास यायला लागला, केसांत भुसा अडकायला लागला, आणि औषधाचा तो वास, जो दवाखान्यातून तिच्याबरोबर आला होता, तो कधी गेला ते कळलंही नाही.

आणि मग आईनं ती चूक केली. पिल्लं आल्याचा पाचवा दिवस. दिवेलागणीला आईनं हळूच पाटा-वरवंटा मागच्या खोलीत नेला. पत्र्याच्या कड्याशेजारी मांडला, हळद-कुंकू वाहिलं, कणकेचा दिवा लावला, भरड्याची चिमूट निवदाला ठेवली. सटवाईची पाचवी! लहान जीव घरात आला की पाचव्या दिवशी सटवाई येते आणि कपाळावर आयुष्य लिहून जाते, तिला पुजायचं असतं. आईनं आपल्या हातानं अख्ख्या गल्लीतल्या पोरांच्या पाचव्या पुजल्या होत्या. पिल्लं जगावीत, एवढाच तिच्या मनात ध्यास. त्या ध्यासात ती विसरून गेली की त्या घरात एक पाचवी व्हायची राहून गेलेली आहे.

ताई पाणी बदलायला आली आणि दारात थांबली. दिव्याच्या उजेडात तिला पाटा दिसला.

आईनं हातातली कुंकवाची कुयरी घाईनं खाली ठेवली. "चुकलं गं बाई माझं," ती कशीबशी म्हणाली. "माझ्या ध्यानातच न्हाई आलं. उचलते मी, उचलते."

"राहू दे," ताई म्हणाली. "सरक जरा."

ती पाट्यासमोर बसली. बोटानं कुंकू लावलं, हात जोडले. पत्र्याच्या कड्यात पिल्लं आपली हळू आवाजात बोलत होती. मग ताईनं दिव्याकडं बघतच सांगायला सुरुवात केली. "लय केस हुते गं त्याला. काळंभोर. कपाळ आण्णांसारखं, रुंद. मला एकदाच दावलं. मूठ आवळून धरली हुती त्यानं. मी बोट घालाय गेले तर सुटंना, लय जोर हुता मुठीत."

आईनं तिला जवळ ओढलं आणि मग ताई रडली. हमसून, मोठ्यानं, लहानपणी गुडघा फुटल्यावर रडायची तशी. मी पण रडले. ओसरीवर आण्णा उठून उभे राहिल्याचा आवाज आला, पण ते आत आले नाहीत. दारापर्यंत येऊन थांबले असावेत. मला त्या दिवसाचं दुःख आठवत नाही, आठवतं ते हलकं वाटणं. घरातली कसली तरी जड वस्तू सगळ्यांनी मिळून अखेर खाली ठेवली होती. रात्री जेवताना ताईनं माझ्या ताटातली भाकरी पळवली.

पुढचे दिवस भराभर गेले. पिसं फुटली, पिल्लं कुरूप झाली, माना लांबल्या, पत्र्यावरून उड्या मारायला लागली. बल्ब वर वर चढत गेला आणि एक दिवस काढून टाकला. कोवळं ऊन पडलं की ताई त्यांना डालग्यातून परसात न्यायची. पहिल्या दिवशी ती सगळी जिथं ठेवली तिथंच उभी राहिली. त्यांना आभाळ ठाऊक नव्हतं. मग एकानं माती उकरली, दुसऱ्यानं मुंगी टिपली आणि जत्रा फुटली. वर घार फिरली की आण्णा काठी घेऊन आभाळावर ओरडायचे.

पेरूच्या झाडाखाली आण्णांनी जाळीचं खुराडं बांधलं होतं. पण सांज झाली की पिल्लं खुराड्याकडं ढुंकून बघायची नाहीत. सगळी रांगेनं मागच्या खोलीच्या बंद दाराशी येऊन दाटीवाटीनं बसायची आणि आम्हाला आत घ्या म्हणून ओरडायची. आईचा जीव खालीवर व्हायचा. "घे की गं आत, एक दिवस घे." ताई ऐकायची नाही. पदराचा झोळ करून त्यात भरायची, खुराड्यात नेऊन सोडायची, परत यायची, परत भरायची. "आत घेतलं तर बाहेरचं कवा व्हतील?" असं म्हणायची. स्वतःशी म्हणायची की आईशी, कोण जाणे.

एका सांजेला ती पदर खोचून दारापाशी गेली आणि तिथं कुणीच नव्हतं. पिल्लं आपली आपण खुराड्यात जाऊन, काठीवर ओळीनं बसून, मानेत माना घालून झोपायच्या तयारीत. ताई कितीतरी वेळ पेरूखाली उभी होती. आत आली तेव्हा तिचा चेहरा मोकळा होता. पुढच्या रविवारी भाऊजी आले तेव्हा तिची बॅग ओसरीवर तयार होती.

"अजून थोडं ऱ्हायली असतीस," आई म्हणाली.

"बास झालं की. त्यास्नी आता माझी गरज न्हाई."

भाऊजींनी बॅग उचलली. खुराड्यापाशी जाऊन त्यांनी पिल्लांकडं बघितलं, मग ताईकडं. गाडीत बसताना ताईनं त्यांच्या शर्टावरची हळद झटकली, ते मी पाहिलं.

"हितं बसून काय करायलीस गं येडे?" दारात ताई उभी. ऊन कलायला लागलं होतं, तिची एसटी कधी आली ते मला कळलं नव्हतं. आता ती चष्मा लावते, जिने चढताना गुडघ्यांना शिव्या देते. तिचा मुलगा कॉलेजात आहे, तिच्याहून वीतभर उंच. "नळ्या तशाच, पुस्तकं तशीच. आणि म्हणं मॅडम कंपनीत कामं करून घेत्यात!"

ती माझ्या शेजारी टेकली. तिनंही नाक वर करून वास घेतला आणि आम्ही दोघी एकदमच हसलो. वाळवी लागलेली पुस्तकं पोत्यात भरता भरता मी म्हणाले, "नशीबच होतं पण, नाही? एवढी थंडी, वीज नाही, आईची धुरी. तरी एक पिल्लू मेलं नाही."

ताई माझ्याकडं बघतच राहिली. "मेलं न्हाई? कुणी सांगितलं तुला?"

"म्हणजे?"

"मेली की. सुरवातीला रोज एखादं जायाचंच. पहाटं आईच्या आदी मी उठायची आणि उचलून न्यायची, आईला दिसाय नको म्हणून. ती आधीच मेल्याहून मेल्यासारखी झालती. पिल्लू मेलेलं बघितलं असतं तर हाय खाल्ली असती तिनं."

मी हातातलं पुस्तक खाली ठेवलं. "आणि कुठं नेत होतीस?"

"पेरूमागं. पहिल्या दिवशी खुरपं घिऊन गेले, तर खड्डा तयार हुता. बोटभर खोल, कडा नीट तासलेल्या. दुसऱ्या दिवशी त्याच्या शेजारी दुसरा. रोज एक. आण्णांनी मला कदी इचारलं न्हाई, मी बी सांगितलं न्हाई." तिनं पोत्याचं तोंड आवळून धरलं. "माती घालताना रडाय यायचं. पण हातानं माती घालायला मिळाली मला. त्याच्या येळंला तेवढं बी कुणी करू दिलं नव्हतं."

म्हणजे आम्ही सगळे तिला मरणापासून लपवत होतो आणि ती रोज पहाटे आमच्यासाठी ते उचलून नेत होती. मी तिचा हात धरला तर तो नेहमीसारखाच गरम होता.

बाहेर फरशीवाला माप घ्यायला आला होता. आई त्याला चहा देत बाहेरूनच खोली दाखवत होती, आणि तिची नेहमीची गाडी रुळावर आली होती. "ह्याच खोलीत थोरलीची पिल्लं वाढवली मी. दोन खोकी भरून हुती. लोडशेडिंग, थंडी ही असली. पर एक बी मेलं न्हाई बगा माझ्या हातनं. एक बी न्हाई!"

ओसरीवर आण्णांनी चहाच्या कपात तोंड घातलं ते बाहेर काढलंच नाही.

"व्हय का न्हाई गं?" आईनं आत हाक दिली.

ताईनं पदरानं डोळे टिपले, उठून दारात गेली आणि मोठ्यानं म्हणाली, "व्हय की आई. एक बी न्हाई."